सीपीआरची कार्यशाळा: सराव उत्तम, एक धडा राहिला

आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या महिन्यात सीपीआरची, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराची, तीन तासांची कार्यशाळा झाली. सराव उत्तम होता. बारा जणांना मिळून सरावासाठी माणसाच्या छातीसारखे तीन पुतळे असल्याने प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळाला, आणि मिनिटाला 100 ते 120 या वेगाने 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाब पडला की पुतळ्यातून येणाऱ्या ‘टक्’ आवाजाने हाताला अंदाज येत गेला.

मात्र खऱ्या छातीवर एवढा दाब दिल्यावर आत काय होऊ शकते, याविषयी प्रशिक्षकांनी अवाक्षर काढले नाही. मी मुद्दाम विचारले, तेव्हा ‘बरगडी मोडली तरी चालते’ एवढ्यावर विषय मिटला. उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचे हृदय घरातच बंद पडले, तेव्हा शेजारच्या काकांनी सीपीआर दिला. पहिल्याच मिनिटात कडकन आवाज झाला आणि काकांचे हात थबकले. ‘अरे, काहीतरी मोडलं,’ ते म्हणाले. फोनवर असलेली माझी डॉक्टर बहीण ‘काका, थांबू नका’ असे ओरडली, म्हणून ते पुढे दाबत राहिले. बाबा वाचले. चार बरगड्या मोडल्या होत्या, पण खरी काळजी पोटातली होती: दाब देताना हात खाली सरकल्याने यकृताला चीर गेली होती आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे ती वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन उतरले, तेव्हा सोनोग्राफीत ते उघड झाले.

मोठ्या माणसांत बरगड्या किंवा उरोस्थी (छातीच्या मधले हाड) मोडणे नेहमीचेच आहे. फुफ्फुसाभोवती हवा वा रक्त साचणे, यकृत किंवा प्लीहा फाटणे त्यामानाने विरळ. तळहाताची टाच छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावरच ठेवावी, अगदी खालच्या टोकावर नव्हे, हे प्रशिक्षकांनी दाखवले; पण का, हे सांगितले असते तर ते कायमचे लक्षात राहिले असते. तोंडाने श्वास जोरात फुंकला तर हवा पोटात शिरते, हेही राहिले. रुग्ण शुद्धीवर येऊन पोट दुखते म्हणाला, तर सीपीआर दिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, हे नातेवाइकांना कोण सांगणार?

कार्यशाळेला अवश्य जावे. आयोजकांनी या विषयाला दहा मिनिटे द्यावीत, असे मी त्यांना लेखी कळवले आहे, कारण पुतळ्याची बरगडी कधीच मोडत नाही आणि तो आवाज आला तरी हात थांबवायचे नाहीत, हे तोंडानेच सांगावे लागते.