‘एक्स्टिंक्शन लेव्हल इव्हेंट’ : काही महिने ऐकल्यानंतर

अमेरिकन रॅपर बस्टा ऱ्हाइम्सचा ‘एक्स्टिंक्शन लेव्हल इव्हेंट : द फायनल वर्ल्ड फ्रंट’ हा अल्बम १५ डिसेंबर १९९८ रोजी, म्हणजे २००० साल उजाडायला जेमतेम वर्ष उरले असताना, बाजारात आला. गेले काही महिने मी तो घरी स्पीकरवर आणि लोकलमध्ये हेडफोनवर सतत ऐकतो आहे. जगाचा अंत हा त्याचा उघड विषय आहे. परंतु इतके ऐकल्यानंतर मला असे वाटते की, हा अंत शब्दांपेक्षा गाण्यांच्या वेगात अधिक आहे, आणि जिथे तो बोलून दाखवला आहे तिथेच अल्बम लवकर शिळा होतो.

सुरुवातीच्या निवेदनात एक लहान मूल वडिलांना विचारते की २००० साल कसे असेल. वडील आधी लाडाने बोलतात, मग त्यांचा आवाज राक्षसी होत जातो आणि प्रलयाचे वर्णन सुरू होते. पहिल्यांदा अंगावर काटा येतो. पण पाठ झालेल्या भुताच्या गोष्टीला कोण घाबरणार? हा भाग मी आता सरळ पुढे ढकलतो. मुखपृष्ठावर दक्षिण मॅनहॅटन गिळणारा आगीचा लोळ आहे, आणि २००१ च्या न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर त्याकडे निव्वळ सजावट म्हणून पाहणे अवघड जाते. वर्ष दोनच अंकांत लिहिणारे संगणक २००० साली कोलमडतील ही धास्ती तेव्हा जगभर होती. पुण्या-मुंबईच्या कितीतरी प्रोग्रामरना तिनेच अमेरिकेची वाट दाखवली, हा भाग वेगळा.

टिकले आहे ते ‘गिमी सम मोअर’ हे गाणे. गाण्याचा निर्माता डीजे स्क्रॅचने बर्नार्ड हरमन यांच्या ‘सायको’ या १९६० सालच्या चित्रपटाच्या संगीतातील व्हायोलिनचा तुकडा उचलून तो गाणेभर फिरवत ठेवला आहे. त्यावर बस्टा आधी गप्पांच्या सुरात, लहानपणी अंगणात पडून डोके आपटल्याची आठवण सांगतो आणि मग श्वास कुठे घेतो हे कळू नये अशा वेगाने सुटतो. व्हायोलिनची घाई आणि शब्दांची घाई एकमेकींना पुढे ओढत राहतात, आणि हेडफोनवर ऐकताना तर ओळींमधली फट शोधूनही सापडत नाही. प्रलय दारात आणि मागणी मात्र ‘आणखी द्या’ अशी. अल्बमची सगळी भीती मला या हावरेपणात ऐकू येते.

‘धिस मीन्स वॉर’ हे मला सुरुवातीला केवळ नावाजलेला पाहुणा मिरवण्यासाठी केलेले गाणे वाटले होते. त्यात ऑझी ऑसबोर्न गातो आणि पाया आहे त्याच्याच ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडच्या १९७० सालच्या ‘आयर्न मॅन’ या गाण्याचा. मूळ गाणे भविष्यातला विनाश पाहून परतलेल्या आणि शेवटी स्वतःच तो विनाश घडवणाऱ्या माणसाचे आहे, हे ध्यानात घेतले की ही निवड किती चपखल आहे ते कळते. तो जड गिटारचा ठेका मोठ्या स्पीकरवरच ऐकावा. फोनच्या स्पीकरवर त्याची पार रया जाते.

लांबी हा मोठा दोष आहे. सुमारे ७० मिनिटांतली मधली काही गाणी एकसारखी वाटतात, आणि स्त्रियांविषयीची भाषा अनेक ठिकाणी नुसती बटबटीत आहे. शिव्यांचे तर विचारूच नये, त्यामुळे घरात मुले असताना तो लावण्याची सोय नाही. पॉप गायिका जॅनेट जॅक्सनबरोबरचे ‘व्हॉट्स इट गॉना बी’ उत्तम जमले आहे, मात्र त्याचा जगबुडीशी काडीचाही संबंध नाही.

या अल्बमचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाची साथ ऐन भरात असताना आला. तोही मी याच काळात ऐकला. त्यात पाहुण्यांची रीघ आहे, ध्वनिमुद्रण अधिक सफाईदार आहे, बस्टाचा आवाजही भारदस्त झाला आहे. तरीही, बाहेर जग खरोखर थांबलेले असताना, त्यात ती जुनी घाई नाही. रॅपर केंड्रिक लामारबरोबरचे गाणे सोडले तर तो मी फारसा लावत नाही.