सिस्टॅटिन बी पेशीत नेमकं कुठे? जीएफपी, अँटिबॉडी की फ्रॅक्शनेशन

सिस्टॅटिन बी हे अवघ्या 98 अमिनो आम्लांचं प्रथिन. कॅथेप्सिन नावाच्या, प्रथिनं कापणाऱ्या विकरांना ते आवरतं. गंमत अशी की कॅथेप्सिनचं मुख्य घर लयकारिकेत (पेशीच्या आम्लयुक्त पचनपिशवीत), आणि हा राखणदार सापडतो पेशीद्रव्यात नि केंद्रकात. लयकारिकेतून गळालेल्या विकराला बाहेरच गाठायचं, असा त्याचा एक अर्थ लावतात. शिवाय कॅथेप्सिन एल केंद्रकातही आढळतं. सिस्टॅटिन बीचं जनुक बिघडलं की उन्फेरिख्ट-लुंडबोर्ग हा अपस्माराचा आजार होतो, म्हणून त्याचा ठावठिकाणा महत्त्वाचा.

प्रबंधासाठी पद्धत निवडताना बहुतेकांचा पहिला हात जीएफपीकडे, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची शेपटी जोडण्याकडे, जातो. जिवंत पेशी, सुंदर हिरवी चित्रं, प्रथिन हलताना दिसतं. पण इथे नाकापेक्षा मोती जड आहे: सिस्टॅटिन बी सुमारे 11 किलोडाल्टनचं (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक), जीएफपी 27 चं. केंद्रकाच्या छिद्रांतून साधारण 40 किलोडाल्टनपर्यंतची प्रथिनं आपसूक झिरपतात, म्हणजे ही जोडगोळी अगदी उंबरठ्यावर. त्यात नुसतं जीएफपीसुद्धा पेशीद्रव्य आणि केंद्रक दोन्हीकडे पसरतं. मग तुमच्या चित्रात दोन्हीकडे हिरवं दिसलं, तर ते सिस्टॅटिनचं की शेपटीचं? भरीला, जोरकस प्रमोटरने (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने) प्रथिन नको इतकं बनतं आणि नको तिथे सांडतं. लयकारिकेतल्या आम्लात जीएफपी मंदावतं, त्यामुळे ‘तिथे नाही’ असं ठामपणे म्हणता येत नाही. तिथे एमचेरी हे लाल चमकणारं प्रथिन बरं टिकतं.

अँटिबॉडीने, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूने, रंगवलं तर पेशीचं स्वतःचं प्रथिन, त्याच्या नेहमीच्या प्रमाणात दिसतं. अडचण विश्वासाची. सिस्टॅटिन ए हे त्याचं जवळचं भावंड, अँटिबॉडी त्यालाही चिकटू शकते. म्हणून सिस्टॅटिन बीचं जनुक काढून टाकलेल्या पेशी शेजारीच, त्याच दिवशी, त्याच द्रावणाने रंगवा. त्यातही चमक दिसली तर बाटली बदला, चित्र नव्हे. पेशी स्थिर करतानाही जपा: मिथेनॉलमध्ये लहान विरघळणारी प्रथिनं निसटू शकतात, 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड त्यांना जास्त घट्ट धरतं.

फ्रॅक्शनेशन मी शेवटी ठेवेन. पेशी फोडून, फिरवून, भाग वेगळे करून वेस्टर्न ब्लॉट केला (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखली) की पट्टीचं वजन कळतं, हा फायदा खरा. पण केंद्रकं वेगळी करताना इतकं छोटं प्रथिन त्यांतून गळून जाऊ शकतं. हिस्टोन एच3 (केंद्रकाची खूण) आणि ट्युब्युलिन (पेशीद्रव्याची खूण) जागच्या जागी आले, तरी ही गळती कळत नाही.

तेव्हा सिस्टॅटिन बीसाठी माझं मत स्पष्ट आहे: आधी अँटिबॉडी, सोबत ते जनुक काढलेल्या पेशी. हालचाल बघायचीच असेल तर जीएफपी, तेही क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने मूळ जनुकाला जोडून, आणि नुसतं जीएफपी तुलनेला ठेवून.

प्रथिन अल्फा-1 अँटिट्रिप्सिन असेल तर मात्र हा क्रम उलटतो. ते यकृतपेशीतून रक्तात सोडलं जातं. झेड प्रकारात 342 व्या जागी ग्लुटामेटऐवजी लायसिन येतं, आणि बरंचसं प्रथिन आंतर्द्रव्यजालिकेत (जिथे बाहेर जाणारी प्रथिनं घडतात) अडकून पडतं. जीएफपी अगदी पुढे जोडलं तर संकेत-पेप्टाइड (जालिकेत शिरण्याचा पत्ता असलेला सुरुवातीचा तुकडा) झाकलं जाऊन प्रथिन जालिकेत शिरायचंच राहून जाईल. त्यापेक्षा एंडो-एच विकर वापरा. जालिकेत अडकलेल्या प्रथिनावरच्या शर्करासाखळ्या ते कापतं, गॉल्जीत (जालिकेनंतरच्या टप्प्यात) पक्व झालेल्या कापत नाही, आणि फरक पट्टीच्या सरकण्यात दिसतो. तिथे मी सूक्ष्मदर्शकाची वेळ नोंदवण्याआधी जेल चालवेन.