चौदा किलो नटबोल्ट आणि ३०,७०० रुपये

पैसे परत येणार नाहीत, हे मी धरूनच चाललोय. पण नागपुरात आणखी कुणी जुनी गाडी उघडून बसलं असेल, तर त्याने तरी आपला माल त्या प्लेटिंगवाल्याच्या, म्हणजे जुन्या भागांवर झिंक-क्रोमचा थर चढवून देणाऱ्या माणसाच्या, हाती देऊ नये. नाव लिहीत नाही, वकिलाने मनाई केलीय. हिंगणा रोडकडे शेड, बोलणं गोड, आणि तुमची गाडी तुमच्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत. एवढ्यावर समजून घ्या.

गाडी वडिलांची, १९७१ ची अॅम्बॅसडर मार्क टू. नटबोल्ट, वॉशर, क्लॅम्प, बिजागऱ्या सगळं मूळचं, बोल्टांच्या डोक्यांवर अक्षरं कोरलेली. 'नवीन टाका ना' म्हणणाऱ्यांना कळत नाही की अॅम्बॅसडर म्हणजे मुळात मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची. बाजारात मागाल तर मिलिमीटरचा बोल्ट हातात ठेवतात. म्हणून जुनेच साफ करून झिंकचा थर, त्याला जपायला वर पिवळं पॅसिव्हेशन (रसायनाचा हात), आणि दाराची हँडलं व हबकॅप यांना क्रोम, असं ठरलं.

आधी चार बोल्ट नमुन्याला दिले. झकास झाले, अक्षरं शाबूत, आटे स्वच्छ. नमुना बघूनच बाकीचं दिलं, कुणीही हेच केलं असतं. १४ किलो, ३५० रुपये किलोने ४,९००, क्रोमचे २१,६००, एकूण २६,५००. त्यातले १५,००० आगाऊ, फोनवरून. मग मध्येच "भाऊ, निकेल लय महाग होऊन राहिलं" म्हणत ४,२०० जास्तीचे, तेही रोख. त्यांची पावती नाही. रोख मागितली की तिथेच व्यवहार थांबवा. उरलेले ११,५०० माल उचलताना.

मी प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करून, चिठ्ठ्या लावून नेल्या होत्या. त्याने माझ्यासमोर सगळ्या एका गोणीत ओतल्या. "काहून टेन्शन घेता? बॅरलमध्ये सगळं एकत्रच फिरते." बॅरल प्लेटिंगमध्ये, म्हणजे फिरत्या पिंपात थर चढवताना, ते खरंच एकत्र फिरतं, म्हणून मी बोललो नाही. पावतीवर फक्त 'लोखंडी सामान, १४ किलो'.

आणि परत मिळालं तेव्हाही काट्यावर १४ किलो. बरोबर १४! मला समाधान वाटलं होतं, हेच आठवून अजून डोकं फिरतं. पन्नास वर्षांचा गंज, ग्रीस, रंग उतरल्यावर वजन घटायला नको? झिंकचा थर तो केवढा, आठ-दहा मायक्रॉनचा, तो काय भर घालणार! पण संध्याकाळची वेळ, शेडमध्ये एक बल्ब, बाहेर त्याचाच माणूस टेम्पोचा हॉर्न वाजवतोय. अशात एकेका बोल्टाचं डोकं कोण उलटून बघतं?

उघड झालं ते मिस्त्रीकडे. अर्ध्या इंचाचा पाना लावला, बसेना. १३ नंबरचा चपखल बसला. "भाऊ, हे एम-८ आहेत." म्हणजे ८ मिलिमीटरचे. माझे मूळचे ५/१६ इंची यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्यांचे; त्यांना इंचाला २४ आटे, यांना साधारण २०. दोन फेरे जातात आणि अडकतात. नमुन्याचे चार तेवढे खरे. मूळ बोल्टांना गिऱ्हाईक असतंच, तेव्हा माझे कुठे गेले ते सांगायला नको. हँडलं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, ती लोखंडासोबत आम्लात टाकलेली दिसतात. खड्डेच खड्डे, वरून चंदेरी फवारा, नखाने निघणारा. चुंबक चिकटत नसलेली वस्तू लोखंडाच्या गोणीत कधीच टाकू देऊ नका.

पोलीस ठाण्यात गेलो. "काका, नटबोल्टासाठी गुन्हा दाखल करायचा?" मग म्हणे दिवाणी मामला आहे. मग म्हणे शेड आमच्या हद्दीत नाही. तिकडच्या ठाण्यात म्हणे, पैसे घरून पाठवले, तर घराकडचं ठाणं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवावी लागते. मी ते छापून नेलं होतं. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. नंतर बिल मागितलं. १९७१ च्या बोल्टांचं बिल! नाही म्हटल्यावर किंमत लावली भंगाराच्या भावाने, ३० रुपये किलो, म्हणजे ४२०. फसवणुकीचं कलम आता न्याय संहितेत ३१८ झालंय, जुना आकडा मात्र माझ्या अर्जावर उतरला. सायबर फसवणुकीच्या १९३० वर फोन केला तर म्हणे पैसे तुम्हीच राजीखुशीने पाठवले, हे सायबर नाही. आणखी एका सरकारी कार्यालयात कळलं की शेड पोटभाड्याची, 'आमचा काय संबंध'. तिकडे तो धंदा करतोच आहे. दुसऱ्या नंबरावरून विचारलं तर म्हणाला, "आधी चार बोल्ट आणा, नमुना पाहा."

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पावती जपा, तिच्यावर नग लिहून घ्या, किलो नको. बोल्टांची डोकी पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा. स्टिअरिंग-सस्पेन्शनचे जास्त ताकदीचे बोल्ट तर प्लेटिंगला देऊच नका. आम्लात आणि प्लेटिंगमध्ये हायड्रोजन पोलादात शिरतो, नंतर दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजलं नाही तर बोल्ट अचानक तुटतो. भट्टी दाखव म्हणा. ज्याच्याकडे नसेल त्याच्याकडून निघा.

मुंबईहून यूएनएफ मागवायला ९,८५० वेगळे गेले. मार्क टूची हँडलं कुणाकडे असतील तर कळवा. खड्डे चालतील, फवारा नको.