फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर व्हॅन: बेळगाव-खानापूर-सौंदत्ती पट्ट्यात तिन्ही ऋतूंतल्या वापरानंतर

पुणे-बंगळूर हायवेवर दिवसाला चारशे किलोमीटर मारायचे असतील तर कॅम्पर व्हॅन (आत झोपायची, स्वयंपाकाची, संडासाची सोय असलेली गाडी) घेऊ नका, कार आणि लॉज बरं. भरलेली गाडी लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते आणि ऐंशीच्या पुढे आडव्या वाऱ्यात स्टिअरिंग सतत सावरत राहावं लागतं. तिचा खरा उपयोग मुक्कामाला आहे. बेळगावपासून दोन-अडीच तासांच्या आत जांबोटी-कणकुंबीचं पावसाळी रान, आंबोली, गोकाकचा धबधबा आणि सौंदत्तीचा कोरडा डोंगर येतो. एवढी वेगवेगळी ठिकाणं इतक्या जवळ, पण रात्री राहायची धड सोय मोजक्याच जागी. बायकांना आणि वयस्कर माणसांना स्वच्छ संडास मिळणं तर आणखी कठीण.

सौंदत्तीच्या यल्लम्माला पूर्वी आपल्याकडची कुटुंबं बैलगाड्या जुंपून जायची आणि डोंगरावर चूल मांडून, पडल्या (देवीच्या नैवेद्याच्या टोपल्या) भरून, मुक्काम करूनच परतायची. आता कारने पहाटे निघून रात्री परत यायची घाई असते आणि त्यात घरातली म्हातारी माणसं मागे राहतात. गाडीत पलंग, संडास आणि इन्सुलिन ठेवायला २ ते ८ अंशांचा फ्रिज असला की तीही निवांत येतात. आमच्या लेखी या गाडीची किंमत इथेच वसूल होते.

आता बांधणी. ३३५० मिमी व्हीलबेसची ट्रॅव्हलर, चौघांची झोपायची सोय, १०० लिटरची पाण्याची टाकी, सांडपाण्याला ६० लिटरची वेगळी टाकी, १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची (अँपिअर-अवर म्हणजे साठलेल्या विजेचं माप) लिथियम फॉस्फेट बॅटरी, छतावर २०० वॅटचे दोन सोलर पॅनेल.

विजेचा हिशेब आधी कागदावर मांडा. ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला २५ ते ३५ अँपिअर-अवर खातो. छताचा पंखा, दिवे, पंप, मोबाइल-लॅपटॉप धरून एकूण ५५ ते ६५. बॅटरी वीस टक्क्यांखाली न नेता अडीच दिवस निघतात. एसी मात्र तासाला ७० ते ८० घेतो, म्हणजे दोन तासांत खेळ संपला. १५०० वॅटची इंडक्शन शेगडी इन्व्हर्टरमधून १३० अँपिअरच्या आसपास ओढते. वरण-भात आणि चहा एवढ्यातच निम्मी बॅटरी जाते. म्हणून स्वयंपाक गॅसवर. पाच किलोचा सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या बंद कप्प्यात ठेवा आणि कप्प्याच्या तळाला हवेचं भोक हवंच, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो.

मार्चच्या उन्हात पॅनेल दिवसाला १२०-१३० अँपिअर-अवर देतात. जुलैत कणकुंबीला, झाडाखाली, वीस मिळाले तरी खूप. पावसाळी भागात सोलरवर विसंबणं ही या गाड्यांतली सर्वांत मोठी फसगत आहे. तिथे उपयोगी पडतो तो डीसी-डीसी चार्जर, म्हणजे चालत्या इंजिनच्या अल्टरनेटरकडून (वीज बनवणारा भाग) ठरावीक करंट घेऊन बॅटरी भरणारं यंत्र: ३० अँपिअरचा असेल तर बेळगावहून चोर्ला घाटापर्यंतच्या दीड तासात ४०-४५ अँपिअर-अवर आत येतात. पैसे वाचवायला बरेच कारागीर त्याऐवजी साधा रिले (करंटवर ताबा नसलेला आपोआप चालणारा स्विच) टाकतात. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध कमी, त्यामुळे ती अल्टरनेटरकडून जमेल तेवढा करंट खेचते. घाटात हळू चालताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरतो आणि वाइंडिंग जळतं. चार मीटरच्या ओढीला १६ चौरस मिमीची तांब्याची केबल आणि इंजिनची आणि आतली, दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ फ्यूज, यात तडजोड नको.

पावसाने या गाडीची सगळ्यात कठोर परीक्षा घेतली. छतावरच्या पंख्याच्या चौकटीतून पाणी झिरपलं. कारण साधं: खड्ड्यांत बॉडी पिळवटते आणि बांधणाऱ्याने लावलेलं सिलिकॉन कडेने सुटतं. त्यावर पुन्हा सिलिकॉन फासून उपयोग नाही, जुन्या थरावर नवीन चिकटत नाही. सगळं खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, चौकटीखाली ब्युटाइल टेप द्या, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि डोक्यांवरून पॉलियुरेथेन सीलंट फिरवा. रोहिणीचा पाऊस पडायच्या आत दरवर्षी छतावर चढून कडा बोटाने दाबून बघाव्यात.

आतली ओल वेगळी. चार माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून लिटर-दीड लिटर पाणी हवेत सोडतात. ते उघड्या लोखंडी पट्ट्यांवर दवासारखं जमतं आणि प्लायच्या मागे बुरशी धरते. म्हणून इन्सुलेशनला बंद पेशींचं नायट्राइल रबर हवं, पट्ट्यांवरूनसुद्धा. काचलोकर पाणी धरून ठेवते. प्लाय आयएस ७१० मरीन ग्रेडचा. गादीखाली सलग फळी न देता पट्ट्या ठोका. झोपताना वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी दोन बोटं उघडी आणि छताचा पंखा कमीत कमी वेगावर. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की सकाळी उशा ओल्या.

पूर्वेकडे, सौंदत्ती-रामदुर्गच्या बाजूला, प्रश्न उलटा. बोअरचं पाणी जड, शॉवरची भोकं क्षार बसून बुजतात. महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा. काटकसरीने माणशी रोज वीस लिटर लागतं, म्हणजे चौघांना टाकी सव्वा दिवस.

कॅसेट टॉयलेट (खालची टाकी काढून नेऊन ओतता येते तो संडास) दोन दिवसांत भरतं. ते घरच्या किंवा परवानगी घेऊन लॉजच्या संडासातच ओता, ओढ्यात किंवा शिवारात कधीच नाही. फॉर्मल्डिहाइडची रसायनं सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतात, एन्झाइमवाली घ्या.

वजन तपासल्याशिवाय घाटात उतरू नका. पाण्याने, माणसांनी, सामानाने भरून काट्यावर न्या: पुढचा अ‍ॅक्सल, मागचा, मग एकूण. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे वजनकाटे गावोगाव आहेत, गळीत हंगामात मात्र उसाच्या रांगेत अडकाल. त्याच हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीकडे अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही. दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे रिफ्लेक्टर नसताना धावतात. चोर्ला उतरताना ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा; एवढं वजन नुसत्या ब्रेकवर धरलं तर ते तापून पकड सोडतात. छतावरच्या पंख्यासकट उंची पावणेतीन मीटर होते. ती सन-व्हायजरवर लिहून ठेवा, रेल्वेच्या भुयारी रस्त्यांआधीच्या लोखंडी कमानी आणि गल्लीतल्या वायरी यांच्यासाठी.

मुक्कामाची जागा उजेड असतानाच ठरवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत, जंगलाच्या रस्त्याकडेला रात्र काढायची नाही. खानापूर तालुक्यात होमस्टेच्या अंगणात विचारलं तर बहुधा जागा मिळते, वीज-पाण्याचे पैसे आपण होऊन द्यावेत. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, शेगडी बाहेर काढू नका. महाराष्ट्राने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आणलं, तरी प्लग आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ या पट्ट्यात सहज सापडत नाहीत.

कागदपत्रांत आरसीवर ‘कॅम्पर व्हॅन’ हाच वर्ग असावा. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. प्रवासी व्हॅन आतून बदलून आरसी तशीच ठेवली तर विम्याचा दावा अडकतो.

दोन-तीन आठवडे उभी ठेवणार असाल तर बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर आणून मेन स्विच बंद करा, दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करा, फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवा आणि टायरमध्ये दाराच्या पट्टीवर छापलेली हवा भरा.