टिल्याचं जाळीचं मुसकं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा कुत्रा टिल्या मला चावला त्यात त्याचा काही दोष नव्हता, हे आधी सांगते. त्याचा डावा कान आतून सुजला होता, तपकिरी मळ साचून आंबूस वास मारत होता आणि डोकं झटकून झटकून तो बेजार झाला होता. अशा कानाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने मी औषधाचे थेंब टाकायला गेले. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात रुतले. माझ्याकडे आल्यापासून तीन वर्षांत त्याने पहिल्यांदा कुणावर दात चालवले होते. चावून झाल्यावर तोच पलंगाखाली जाऊन बसला. मी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुतली आणि त्याचं रेबीजचं लसीकरण पूर्ण असूनही दवाखान्यात जाऊन आले. ही दोन्ही कामं कुणीही टाळू नयेत.

पण कानाचं औषध तर पुढचे चौदा दिवस, दिवसातून दोनदा टाकायचंच होतं. म्हणून मुसकं, म्हणजे चावता येऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडावर चढवतात ते, आणायचं ठरलं. गेल्या आठ महिन्यांत तीन प्रकारची वापरून झाली : कापडी, तारेचं आणि रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं जाळीचं. हे लिहिते आहे ते मुख्यतः तिसऱ्याबद्दल, पण पहिल्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही.

कापडी मुसकं म्हणजे नायलॉनची एक नळी. कुत्र्याच्या तोंडावर चढवली की जबडा मिटून राहतो. एका दवाखान्यात कान तपासायच्या आधी टिल्याला ते घातलं आणि मधेच एक तातडीचा रुग्ण आल्यामुळे आम्ही तसेच बाहेर बसून राहिलो. वीसेक मिनिटं झाली असतील. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, फक्त कुणाचं लक्ष नव्हतं, आणि त्यात मीही आले. आधी तो पंजांनी नाक ओरबाडत होता. मग ओरबाडणं थांबलं, तेव्हा मला वाटलं शांत झाला. वाकून पाहिलं तर ओठांच्या कडेने चिकट, दोरीसारखी लाळ लोंबत होती, हिरड्या गडद लाल झाल्या होत्या आणि मागचे पाय लटपटत होते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजांच्या गादीत, आणि त्यांनी फारसं भागत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग म्हणजे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंड बांधलं की तोच मार्ग बंद. घाबरलेला कुत्रा मुळातच तापलेला असतो, त्यात हे. मी मुसकं ओढून काढलं, पोटावर, काखेत आणि पंजांवर पाणी मारलं, त्याला पंख्यासमोर आडवं केलं. ताप मोजला तर ४०.३ अंश सेल्सिअस. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ च्या आसपास असतं आणि ४१ च्या वर गेलं की उष्माघाताने जिवावर बेततं. त्या दिवशी थोडक्यात निभावलं. कापडी मुसकं दोन-तीन मिनिटांच्या कामापुरतं, माणूस समोर उभा असताना, एवढंच. फिरायला नेताना तर कधीच घालू नका.

तारेचं मुसकं एका ओळखीच्यांकडून आणलं होतं. हवा भरपूर, मजबुती भरपूर. पण जड आणि टणक, आणि टिल्या लाडाने येऊन धडकला की माझ्या गुडघ्यावर वळ. जोरात चावणारा मोठा कुत्रा असेल तर तेच घ्यावं. आम्हाला त्याची गरज नव्हती.

आता जाळीचं. दिसायला टोपलीसारखं, मऊ कडांचं, मागे मानेचा पट्टा आणि डोळ्यांच्या मधून कपाळावरून जाणारी एक पट्टी. ती पट्टी सुटी काढता येते, पण काढू नका. ती नसेल तर हुशार कुत्रा दोन पंजे लावून मुसकं पुढे ढकलून काढतो. टिल्याला चार सेकंद लागले. याच्या आत कुत्रा तोंड उघडू शकतो, धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे जाळीतून खाऊ घेऊ शकतो. माझ्या लेखी हा शेवटचा गुण सगळ्यात मोठा, कारण शिकवण्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

मापात मी चुकले. सोबतच्या कागदावर नाकाची लांबी आणि तोंडाचा घेर मोजा, असं लिहिलं होतं. मी झोपलेल्या टिल्याच्या मिटलेल्या तोंडाला टेप गुंडाळली आणि ते माप कळवलं. मुसकं आलं ते चपखल बसलं, आणि तीच चूक होती. आत जबडा जेमतेम दोन बोटं उघडत होता. मोजायचं ते धावून आल्यावर, जीभ बाहेर लोंबत असताना. तोंड पूर्ण उघडल्यावर वरून खालपर्यंत जेवढी उंची होते, तेवढी जागा जाळीच्या आत हवी. लांबी डोळ्यांच्या थोडं खालून नाकाच्या टोकापर्यंत घ्या आणि नाकापुढे साधारण एक सेंटीमीटर मोकळा सोडा, नाहीतर नाक पुढे घासून सोलवटतं. वरची कड डोळ्यांत जाता कामा नये. मानेच्या पट्ट्याखाली एक बोट सरकलं पाहिजे. बदलून घेतलेलं एक माप मोठं मुसकं मी गरम पाण्यात बुडवून, मऊ असतानाच हाताने दोन्ही बाजूंनी थोडं रुंद केलं आणि मग थंड केलं. आमच्या मुसक्याच्या कागदावर तशी मुभा दिलेली होती, तुमच्या वस्तूचं आधी वाचून घ्या. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मात्र हा आकार बसतच नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या घडणीचं मिळतं, आणि त्यांना आधीच श्वास कमी पडत असल्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

वस्तू कितीही चांगली असली तरी ती कुत्र्याच्या तोंडावर जबरदस्तीने चढवली तर तिच्यात आणि त्या नायलॉनच्या नळीत टिल्याच्या दृष्टीने काय फरक? कागदावर घालायचं कसं याची तीन चित्रं होती, शिकवायचं कसं याबद्दल अक्षर नव्हतं. या उत्पादनाबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच.

आम्ही काय केलं ते सविस्तर सांगते. पहिले तीन दिवस मुसकं नुसतं जमिनीवर, शेजारी मी. त्याने वास घेतला की उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. मग मुसकं वाटीसारखं हातात धरायचं आणि तुकडा तळाशी टाकायचा. नाक त्याने स्वतःहून घालायचं. मी मुसकं त्याच्याकडे न्यायचं नाही, तो मुसक्याकडे येणार. हा नियम मोडला की तो मान वळवायचा, ओठ चाटायचा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. दात दाखवण्याच्या कितीतरी आधी कुत्रा अशा नकारांतून सांगत असतो, आणि हे नकार ऐकायला मी या मुसक्यामुळे शिकले. नाक आत राहायला लागलं तसे बाहेरून जाळीतून तुकडे देत वेळ वाढवला : तीन सेकंद, पाच, दहा, मग पुन्हा तीन. दर वेळी वाढवतच नेलं तर तो कंटाळून माघार घेतो.

अडलं ते बकलाच्या आवाजापाशी. कानामागे 'खट्' झालं की टिल्या चार पावलं मागे. दुखरा कान आणि त्याच्याच मुळाशी तो आवाज, त्याचं तरी काय चुकलं? म्हणून मुसकं बाजूला ठेवून नुसतं बकल शिकवलं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून खट्, एक तुकडा. खट्, एक तुकडा. रोज थोडं जवळ. चौथ्या दिवशी त्याच्या कानाजवळ खट् वाजवलं तर त्याने वळून माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहिलं, तुकडा कुठे आहे म्हणून. त्या क्षणी मला कळलं की आता हे जमणार.

आठव्या दिवशी मी घाई केलीच. मुसकं पाच मिनिटं राहतंय म्हटल्यावर लगेच कानात थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी मुसकं पाहताच तो उठून गेला. दोन दिवस मागे जावं लागलं. त्यानंतर पथ्य पाळलं : दहादा मुसकं घातलं तर औषधासाठी त्यातलं एखाद-दुसऱ्यांदाच, बाकी वेळा खाऊ, अंगणात फेरी, पोट खाजवणं. पूर्ण शिकायला १९ दिवस लागले, रोज पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन डाव. तोवर कानाचे उपचार थांबवता येत नव्हते म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातच कान स्वच्छ करून दीर्घकाळ टिकणारं औषध आत भरलं. असा पर्याय असतो हे मला माहीत नव्हतं. तुमच्याकडेही वेळ आली तर विचारून पाहा. आणि घरात उरलेले जुने थेंब मनाने टाकू नका. आतला पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी कुत्रा बहिरा होऊ शकतो, आणि पडदा शाबूत आहे की नाही हे कानात दुर्बीण घालूनच कळतं.

रस्त्यावर दिसेल ते तोंडात घालायच्या सवयीलाही या मुसक्याचा उपयोग झाला. मक्याचं कणीस खाल्लं की उरणारा बुरकुंडा कुत्र्याच्या पोटात पचत नाही. तो आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेशिवाय इलाज नसतो. टिल्याने मागे एक उचलला होता, सुदैवाने जबड्यातून काढता आला. आता तसं होत नाही. पण पुढची फट रुंद असल्याने मऊ, सडकं काही असेल तर तो त्यावर नाक दाबून थोडं आत ओढतोच. म्हणजे लक्ष ठेवायची सुटका नाही.

उणिवाही सांगते. नाकाच्या हाडावरची मऊ पट्टी पाणी पिताना भिजते, नीट वाळवली नाही तर कुबट वास येतो आणि खालचे केस झडतात. सहाव्या महिन्यात ती एका बाजूने सुटली, मी सुईदोऱ्याने शिवली. बकलात मानेचे केस अडकतात. आणि हे रबर जोरकस चाव्यापुढे टिकेल असं मला वाटत नाही.

मुसकं घालून त्याला घरात एकटं सोडू नका. जाळी कशात तरी अडकते, उलटी झाली तर जीव गुदमरू शकतो. भुंकतो म्हणून, चपला कुरतडतो म्हणून घालू नका. मोकळ्या कुत्र्यांत खेळायला सोडताना तर मुळीच नाही, त्याला स्वतःचा बचाव करता येत नाही.

आई पहिल्यांदा बघून म्हणाली, "अगं, बिचाऱ्याला कसली शिक्षा?" मग तिलाच मी चिकनचे तुकडे देऊन खाली बसवलं आणि मुसकं हातात धरायला सांगितलं. टिल्या आला, कपाळावरचा पांढरा टिळा जाळीच्या कडेला टेकेपर्यंत नाक आत घातलं आणि शेपूट हलवत उभा राहिला. आई पुढे काही बोलली नाही, आणखी एक तुकडा दिला.

गेल्या आठवड्यात कानाची तपासणी झाली. डॉक्टर दुर्बीण घेऊन सहा मिनिटं आत पाहत होते, मी जाळीतून तुकडे देत होते आणि कुणालाही टिल्याला दाबून धरावं लागलं नाही. कान स्वच्छ आहे. नवी पट्टी मागवली आहे, ती आली की जुनी शिवण उसवून बदलायची.