मागेल तेवढीच छपाई: आरपीजी मासिकाला ही सेवा कितपत मानवते?

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांचं (आरपीजी), म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवत फाशांनी खेळायच्या खेळांचं, छापील मासिक काढायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: प्रिंट ऑन डिमांड, म्हणजे पीओडी, वापरा. फाइल चढवायची, मागणी येईल तशी एकेक प्रत छापली जाते, घरात गठ्ठे साठत नाहीत. नियमपुस्तकांसाठी हा सल्ला अगदी योग्य आहे. मासिकासाठी तो अर्धाच खरा आहे. जुन्या अंकांसाठी पीओडीइतकी चांगली सोय दुसरी नाही, पण ताजा अंक तिच्यावर सोपवला की खर्च, टपाल आणि नकाशे अशा तिन्ही बाजूंनी ओढाताण सुरू होते.

बांधणीपासूनच बघा. गेममास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, मासिक हातात धरून वाचत नाही. ते टेबलावर पडद्याआड उघडं पडलेलं असतं, एका हातात फासे, दुसऱ्यात पेन्सिल. मधोमध पिना मारलेला अंक सपाट उघडा राहतो, गोंदाने चिकटवलेला परफेक्ट बाइंडिंगचा अंक आपोआप मिटतो, आणि दाबून धरला की कण्याला चीर जाते. बऱ्याच पीओडी सेवा पिनांची बांधणी देतच नाहीत, किंवा देतात ती पन्नासेक पानांच्या आतच. त्याहून जाड अंक आपसूक गोंदाकडे जातो. मग आतला समास किमान २० मिमी ठेवावा लागतो, नाहीतर राक्षसाच्या आकडेवारीच्या चौकटीतला शेवटचा स्तंभ घडीत गडप होतो. पिनांच्या अंकाला पानं चारच्या पटीत लागतात, शिवाय आतली पानं बाहेर सरकतात. १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागदाच्या ६४ पानी अंकात मधलं पान दीड-दोन मिमी पुढे येतं आणि कटिंगमध्ये तेवढंच छाटलं जातं. पृष्ठक्रमांक अगदी कडेला ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

नकाशा हा या मासिकांचा प्राण, आणि पीओडीची सगळ्यात दुबळी बाजूही तीच. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेला नकाशा एकसंध छापला जातो तो फक्त पिनांच्या अंकाच्या मधल्या जोडपानावर, कारण तिथे खरोखर एकच कागद असतो. ६४ पानी अंकात ती पानं ३२ आणि ३३. इतरत्र दोन पानं वेगळ्या कागदांवर येतात आणि मिलिमीटरभराचा फरकसुद्धा चौकटींच्या जाळीत लगेच दिसतो. घडी घालून आत सरकवायचं पोस्टर पीओडीत जवळपास अशक्य, कारण ते हाताचं काम आहे.

जाळीच्या रेषा राखाडी ठेवण्याचा मोहही टाळावा. ३० टक्के काळा म्हणजे छपाईत बारीक ठिपके, आणि बारीक रेषेत ते ठिपके तुटक दिसतात. रेषा पूर्ण काळी, अर्धा पॉइंट जाडीची आणि व्हेक्टर (ठिपक्यांची नव्हे, आखलेली) ठेवली की प्रश्न मिटतो. रेखाचित्रं स्कॅन करायची असतील तर ६०० डीपीआयच्या, म्हणजे इंचामागे ६०० ठिपक्यांच्या, खाली जाऊ नये. छायाचित्रांचा ३०० चा नियम इथे पुरत नाही.

मजकुराचा काळा रंग ही वेगळीच डोकेदुखी. पडद्यावरच्या आरजीबी रंगांतून छपाईच्या चार शाईंच्या सीएमवायकेत जाताना काळं अक्षर चार शाईंचं होतं, प्लेट किंवा ड्रम जरा सरकला की अक्षरांना रंगीत कड दिसते. मजकूर फक्त काळ्या शाईत आहे ना, हे पीडीएफच्या रंगविभाजनात पाहूनच फाइल पाठवावी. काही सेवा एकूण शाईची, म्हणजे चारही शाईंच्या टक्क्यांच्या बेरजेची, मर्यादा २४० टक्क्यांवर ठेवतात. गुहेतल्या अंधाराची गडद चित्रं ती सहज ओलांडतात आणि फाइल परत येते. चर्मपत्रासारखी पार्श्वभूमी प्रत्येक पानावर हवीच असा हट्ट असेल तर लक्षात ठेवा: बहुतेक सेवांमध्ये आतलं एक पान जरी रंगीत असलं तरी सगळ्या पानांना रंगीत दर लागतो. कृष्णधवल पानं आणि अनकोटेड कागद हा कंजूषपणा वाटेल, पण त्या कागदावर पेन्सिलने हिट पॉइंट (पात्राच्या उरलेल्या जिवाचा आकडा) खोडता-लिहिता येतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर नाही.

आता हिशेब. ६४ पानांचे सोळा-सोळाचे चार फर्मे, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचे मोठे कागद. चाररंगी छपाईत प्रत्येक फर्म्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार प्लेट, म्हणजे आतल्या पानांच्याच ३२. हा ऑफसेटचा, म्हणजे प्लेटांवरून गठ्ठ्याने होणाऱ्या छपाईचा, आधीच करायचा खर्च. पीओडीत तो नाही, पण पहिल्या आणि हजाराव्या प्रतीचा दर जवळपास सारखाच राहतो. कोणत्याही चलनात मांडा: ऑफसेटचा स्थिर खर्च ६०००, पुढे प्रतीमागे ४, पीओडीत प्रतीमागे १४. ६००० भागिले १० म्हणजे ६०० प्रती. त्याखाली पीओडी स्वस्त, त्यावर ऑफसेट. मधल्या टप्प्यात, शंभर ते चारशे प्रतींसाठी, डिजिटल यंत्रावर एकगठ्ठा छापून घेणं हा तिसरा मार्ग आहे आणि आमच्या मते ताज्या अंकासाठी बहुतेकांनी तोच धरावा. दुकानांचं गणित तर पीओडीत बसतच नाही. वितरकामार्फत विकताना प्रकाशकाच्या हाती छापील किमतीच्या साधारण ४० टक्के येतात. छपाईच तेवढी खात असेल तर लेखक-चित्रकारांना द्यायचं काय?

टपालाचा फटका सहसा अंक तयार झाल्यावर कळतो, म्हणून वजन आधी काढावं. ए४ आकार, ६४ पानं म्हणजे ३२ कागद, १०० जीएसएमला प्रत्येकी सव्वासहा ग्रॅम, एकूण २०० ग्रॅम. २५० जीएसएमचं मुखपृष्ठ-मलपृष्ठ ३१ ग्रॅम. त्यात ए२ आकाराचं पोस्टर ११५ जीएसएमवर घातलं तर आणखी २९. झाले २६०, पुठ्ठ्याचा लिफाफा वेगळाच. जिथे टपालाची पायरी २५० ग्रॅमला बदलते तिथे पोस्टरने पूर्ण प्रत वरच्या दरात ढकलली. याउलट ए५ आकाराचं ३२ पानी झिन, म्हणजे छोटेखानी हौशी पुस्तिका, मुखपृष्ठासकट सत्तर ग्रॅमच्या आत बसतं. लोकांकडून आगाऊ निधी गोळा करून देणाऱ्या किकस्टार्टरने फेब्रुवारी २०१९ मध्ये झिन क्वेस्ट हा झिनसाठीचा उपक्रम सुरू केल्यावर लहान प्रकाशक त्या आकाराकडे वळले, त्यात हे गणितही आहेच.

वार्षिक वर्गणी आणि पीओडी यांचं मात्र अजिबात जमत नाही. वर्षभराच्या अंकांचे पैसे आगाऊ घेतलेले असतात आणि मधेच सेवेने दर वाढवले तर फरक प्रकाशकाच्या खिशातून जातो. प्रूफ प्रत मागवा, तपासा, सुधारा, पुन्हा मागवा, यात तारखा घसरतात. एकेक प्रत वेगळी निघत असल्याने गठ्ठ्याने पाठवायची टपाल सवलतही मिळत नाही. खरं तर नियतकालिकाचा हा फास मोठ्यांनाही सुटलेला नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या दोन मासिकांपैकी १९७६ पासून निघणारं ‘ड्रॅगन’ सप्टेंबर २००७ मध्ये ३५९ व्या अंकावर छापील रूपात थांबलं, ‘डन्जन’ १५० व्या अंकावर. पुढच्याच वर्षी त्या खेळाच्या नियमांची चौथी आवृत्ती आली.

आवृत्ती बदलणं हाच साठ्याचा खरा शत्रू. नियम बदलले की जुन्या अंकातल्या मोहिमांचे आकडे जुळत नाहीत आणि गोदामातले गठ्ठे रद्दीच्या भावाला येतात. इथे पीओडी उजवी ठरते: साठा शून्य, तरी जुनी आवृत्ती खेळणाऱ्या पाच-दहा जणांना अंक मिळत राहतो. फक्त लेखक-चित्रकारांशी करार करतानाच पुनर्मुद्रणाचा हक्क लिहून घ्या, नंतर प्रत्येकाला शोधत बसावं लागतं. ओजीएल १.०ए खाली, म्हणजे या खेळाचे नियम वापरू देणाऱ्या खुल्या परवान्याखाली, छापलेल्या अंकात त्या परवान्याचा पूर्ण मजकूर प्रत्येक छपाईत राहायला हवा. पाचव्या आवृत्तीचं एसआरडी ५.१, म्हणजे इतरांना वापरता येणाऱ्या मूळ नियमांचा संच, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स या दुसऱ्या खुल्या परवान्याखालीही मिळतं, तिथे श्रेयाच्या काही ओळी पुरतात आणि जवळजवळ एक पान वाचतं.

जुना अंक पीओडीवर चढवताना पोस्टर वगळून त्याचे ए४ तुकडे वेगळ्या पीडीएफमध्ये द्यावेत, कडेला १० मिमी जादा नकाशा ठेवून, म्हणजे घरी चिकटवता येतात. शुद्धिपत्रातल्या दुरुस्त्या थेट पानांत कराव्यात, पण श्रेयपानावर छपाईचा क्रम आणि तारीख बदलायला विसरू नये. नाहीतर एकाच टेबलावर एकाच अंकाच्या दोन प्रती येतात, एकीत सापळ्याचा दणका २ फाशांचा, दुसरीत ४ फाशांचा, आणि कोणती प्रत नवी हे कुणालाच सांगता येत नाही.