मीट लोफ, काही महिन्यांनंतर : कोणती गाणी टिकली?

पावसाळा सुरू व्हायच्या आधी मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरून मीट लोफ या अमेरिकी गायकाच्या 'बॅट आउट ऑफ हेल' या अल्बमची जुनी एलपी घेतली. तेव्हापासून आता सकाळी हलका गारवा जाणवायला लागेपर्यंत मीट लोफ जवळजवळ रोज ऐकतोय. घरी तबकडीवर, लोकलमध्ये फोनवर. हा गायक पहिल्याच ऐकण्यात भारावून टाकतो, कारण त्याच्या प्रत्येक मोठ्या गाण्यात गोष्ट असते, भांडण असतं, कलाटणी असते. पण कलाटणी एकदा कळली की मागे काय उरतं, हे कळायला काही महिने जावे लागतात. शेवट तोंडपाठ झाल्यावरही कोणतं गाणं धरून ठेवतं, याच कसोटीवर लिहितोय.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ नाव मार्विन ली अडे, जन्म १९४७ चा, डॅलसचा. जानेवारी २०२२ मध्ये गेला. रॉक गायक म्हणून जग ओळखत असलं तरी त्याची घडण रंगभूमीवरची. लॉस एंजेलिसला 'रॉकी हॉरर शो' या संगीतिकेत तो एडी झाला आणि १९७५ च्या चित्रपटातही तीच भूमिका त्याच्याकडे आली. जिम स्टाइनमनशी त्याची गाठ पडली तीही न्यूयॉर्कमधल्या एका संगीतिकेच्या निमित्ताने. स्टाइनमन शब्द आणि चाल दोन्ही स्वतःच करायचा. पीटर पॅनच्या गोष्टीवर तो एक संगीतिका रचत होता आणि 'बॅट आउट ऑफ हेल'मधली काही गाणी त्यातूनच आली. अनेक रेकॉर्ड कंपन्यांनी हा अल्बम नाकारला होता. टॉड रंडग्रेनने निर्मिती केली आणि ऑक्टोबर १९७७ मध्ये तो एकदाचा बाहेर आला. पुढे एकट्या अमेरिकेत त्याला एक कोटी चाळीस लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. गाणी फक्त सात.

माझी आई गिरगावातली. साहित्य संघात संगीत नाटकं बघत मोठी झालेली. तिच्यामुळे घरात नाट्यपदं कायम, आणि मला वाटतं मीट लोफ आवडायला माझी तयारी तिथेच झाली. नाट्यपद हे त्या पात्राचं असतं. बालगंधर्वांच्या नाटकाला येणाऱ्या माणसाला कथानक आधीच ठाऊक असायचं. पुढे काय होणार याची उत्सुकता त्याला नसायचीच, ते पद आज कसं रंगणार यासाठी तो तिकीट काढायचा आणि रंगलं की वन्स मोअर द्यायचा. मीट लोफही गाणं म्हणण्याआधी त्या माणसाच्या अंगात शिरतो. सतरा वर्षांचा उतावीळ पोरगा असेल तर आवाजाला घाई येते, पश्चात्ताप असेल तर शब्दाच्या शेवटी श्वास संपत आलेला ऐकू येतो. रंगमंचावर घामाने चिंब झालेला, हातात लाल रुमाल घेतलेला तो धिप्पाड माणूस जुन्या चित्रफितींत बघा. एकाही ओळीत तो अंग राखून गात नाही.

आता गाणी.

शीर्षकगीत, 'बॅट आउट ऑफ हेल', जवळजवळ दहा मिनिटांचं. शब्द यायच्या आधी तब्बल दोन मिनिटं नुसती पियानो आणि गिटारची धावपळ. पियानोवर रॉय बिटन, ड्रम्सवर मॅक्स वाइनबर्ग, दोघंही ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी रॉक गायकाच्या बँडमधले. रंडग्रेनने पुढे सांगितलंय की त्याला हा सगळा प्रकार स्प्रिंगस्टीनचं विडंबन वाटला होता. असेलही. पण गाणाऱ्याला तसं अजिबात वाटलेलं नाही आणि म्हणूनच गाणं उभं राहतं. मोटरसायकलवरून प्रेयसीला सोडून निघालेला मुलगा, न दिसलेलं वळण, अपघात, आणि शरीर फोडून उडून जाणारं हृदय. हे शब्द जरा हात राखून गायले असते तर हसू आलं असतं. मधला मोटरसायकलचा आवाज रंडग्रेनने गिटारवर काढलाय. सुरुवातीला मी त्या जागेची वाट बघायचो. आता त्याच्यापुढे जो उंच, ताणलेला स्वर येतो त्याची बघतो. मला ठाऊक असतं की हा मुलगा मरणार आहे, त्याला ठाऊक नसतं, आणि दर वेळी तो तितक्याच आशेने निघतो. हे गाणं टिकलंय, आणि चांगलंच टिकलंय.

'पॅराडाइज बाय द डॅशबोर्ड लाइट' हे बहुतेकांचं सर्वांत लाडकं. माझंही होतं. गाडीत बसलेली दोन पोरं, रंगात आलेली रात्र, आणि मध्येच रेडिओवरच्या बेसबॉल सामन्याचं समालोचन. फिल रिझुटो हा यँकीज या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाचा खराखुरा समालोचक, त्याच्याकडूनच ते बोलवून घेतलंय. खेळाडू एकेक बेस घेत होमकडे धावतो आणि गाडीतलं काय चाललंय ते आपण समजायचं. बेसबॉल कळत नसलं तरी अडत नाही, बाळ ज. पंडितांचं समालोचन कानाला ट्रान्झिस्टर लावून ऐकलेल्या पिढीला त्या आवाजातली चढती घाई लगेच ओळखू येईल. तेवढ्यात मुलगी थांबवते आणि विचारते, आयुष्यभर साथ देणार का, आत्ताच्या आत्ता सांग. तो रात्रभर विचार करू दे म्हणतो. शेवटी शपथ घेतो, आणि पुढे आयुष्यभर जगबुडीची वाट बघत बसतो.

महिन्याभरानंतर समालोचनाचा भाग मला लांब वाटायला लागला. चार मित्र जमले की अजूनही धमाल येते, एकट्याने ऐकताना मात्र तो तुकडा मी पुढे ढकलतो. न झिजलेली गोष्ट म्हणजे एलन फोलीचा प्रवेश. ती थांबवते तेव्हा गाडीसकट सगळं गाणं खाडकन थांबतं. इथे एक सांगायला हवं. व्हिडिओत जी दिसते ती कार्ला डिव्हिटो, दौऱ्यांवर गायचीही तीच. रेकॉर्डवरचा आवाज फोलीचा आहे. श्रेय देताना बरेच जण गल्लत करतात, आणि फोलीवर तो अन्याय आहे.

'टू आउट ऑफ थ्री एन्ट बॅड' सुरुवातीला मला नुसतंच गोड वाटलं होतं. या काही महिन्यांत सगळ्यांत वर चढलेलं गाणं हेच. तो तिला सांगतो की तू मला हवी आहेस, मला तुझी गरजही आहे, पण प्रेम मात्र माझ्याच्याने होणार नाही, तिनातली दोन मिळाली तर वाईट नाही. ऐकताना या माणसाचा राग येतो. मग शेवटच्या कडव्यात कळतं की त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती त्याला नेमकं हेच सांगून निघून गेली होती. हे एकदा कळलं की पुढच्या ऐकण्यात पहिलं कडवंच बदलून जातं. सांगताना तो दुसऱ्याचं वाक्य वापरतोय, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. कलाटणी कळल्यावर जास्त चांगलं होणारं असं गाणं विरळा. आईला इंग्रजी गाणी फारशी रुचत नाहीत. शेवटचं कडवं तिला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आता परत पहिल्यापासून लाव बघू." तिचा तो वन्स मोअरच.

'हेवन कॅन वेट' सुंदर आहे, शांत आहे, रात्री उशिरा बरं वाटतं. त्याच्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. 'ऑल रेव्हड अप'मधला सॅक्सोफोन आणि शेवटी दुप्पट होणारी लय ऐकायला मजा येते, पण गाणं मनात रेंगाळत नाही.

'फॉर क्राइंग आउट लाउड' मात्र रेंगाळतं. अल्बममधलं शेवटचं, पावणेनऊ मिनिटांचं. पियानो आणि आवाज, बस्स, इतक्यावरच सुरू होतं. मग हळूहळू सबंध वाद्यवृंद येऊन उभा राहतो, सगळं अंगावर येतं आणि पुन्हा ओसरतं. यात गोष्ट जवळजवळ नाहीच, आपल्यावर कुणीतरी प्रेम करतंय याची कृतज्ञता आहे. मीट लोफचा आवाज फक्त मोठा आहे असं म्हणणाऱ्याला मी पहिली तीन मिनिटं ऐकवतो. तो किती हळू गाऊ शकतो, आणि हळू गातानाही शब्द कसा सोडत नाही, ते तिथे कळतं. माझ्या यादीत हे पहिलं.

या अल्बमनंतर त्याचा आवाज बसला, मानसिक त्रास झाला, पैशाच्या अडचणी आल्या. १९८१ च्या 'डेड रिंगर'मधलं गायिका शेरबरोबरचं 'डेड रिंगर फॉर लव्ह' रविवारी घर आवरताना झकास वाटतं, दोघंही एकमेकांना पुरून उरतात. पण खरं पुनरागमन १९९३ चं, 'बॅट आउट ऑफ हेल'चा दुसरा भाग. त्यातलं 'आय वुड डू एनिथिंग फॉर लव्ह' आपल्याकडे केबलवर एमटीव्ही नवीन असताना सारखं लागायचं. त्यामुळे माझ्या वयाच्या अनेक मुंबईकरांना गायकाचं नाव नाही तरी तो राक्षसी चेहऱ्याचा, मेणबत्त्यांचा व्हिडिओ आठवत असेल. दिग्दर्शक मायकल बे. अठ्ठावीस देशांत ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि मीट लोफला ग्रॅमी मिळालं.

प्रेमासाठी काहीही करीन, पण 'ते' करणार नाही, यातलं 'ते' काय, असं लोक अजून विचारतात. उत्तर गाण्यातच आहे, फक्त बारा मिनिटांचं मूळ रूप ऐकायची तयारी हवी. तुझ्याशी कधी खोटं बोलणार नाही, तुला आत्ता जे वाटतंय ते विसरणार नाही, असं तो कडव्यांमागून कडव्यांत सांगत जातो. शेवटी ती म्हणते की काही दिवसांनी तू विसरशील, दुसरीकडे जाशील. तो म्हणतो, ते करणार नाही. रेडिओसाठी कापलेल्या रूपात गाणं तोकडं होतं आणि कोडं मागे राहतं. तो स्त्रीचा आवाज लॉरेन क्रॉस्बीचा. व्हिडिओत दिसते ती दुसरीच, इथेही तीच कथा. माझं मत असं की कापलेलं रूप ऐकूच नये.

त्याच अल्बममधलं 'ऑब्जेक्ट्स इन द रिअर व्ह्यू मिरर' मी फार कमी वेळा लावतो, आणि ते आवडत नाही म्हणून नव्हे. तीन आठवणी आहेत त्यात : लहानपणी गेलेला मित्र, मारणारा बाप, आणि पहिलं प्रेम. शीर्षक गाड्यांच्या आरशावर छापलेल्या सूचनेवरून घेतलंय, फक्त उलटं करून : सूचना म्हणते वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत, पूर्ण शीर्षक म्हणतं त्या आहेत त्यापेक्षा जवळ दिसू शकतात. बापाच्या कडव्यात मीट लोफ आवाज चढवत नाही, आवळून धरतो. ते कडवं गर्दीत ऐकवत नाही. हे गाणं टिकलंय का, असा प्रश्नच मला पडत नाही, ते जपून वापरायचं आहे.

शेवटचा अल्बम, २०१६ चा 'ब्रेव्हर दॅन वी आर', पूर्ण ऐकला. सगळी गाणी स्टाइनमनची आणि एका गाण्यात फोली व डिव्हिटो दोघीही आहेत, हे वाचूनच मी उत्साहाने बसलो होतो. आवाज पार थकलाय. तरी तो भूमिका सोडत नाही, आणि त्याबद्दल मला आदर आहे, पण नव्या माणसाने सुरुवात इथून करू नये. एप्रिल २०२१ मध्ये स्टाइनमन गेला आणि नऊ महिन्यांनी मीट लोफ.

आता वापराबद्दल. 'बॅट आउट ऑफ हेल' साधारण शेहेचाळीस मिनिटांचा. बोरिवलीहून चर्चगेट फास्ट पकडली तर गाडी फारशी रखडली नाही तर शेवटचं गाणं शेवटच्या स्टेशनांपर्यंत येतं. अडचण एकच, या गाण्यांत हळू आणि मोठा यांतलं अंतर प्रचंड आहे. अंधेरी ते दादर डब्यात जो गलका असतो त्यात हळू जागा बुडतात, म्हणून आपण आवाज वाढवतो आणि वाद्यवृंद आला की कान फाटतात. कानात घट्ट बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन घ्या. या गाण्यांत चढउतार हेच सगळं आहे.

एलपीचं सुख वेगळं. पहिल्या बाजूला चार गाणी, दुसरीला तीन, मध्ये उठून तबकडी पालटायची, तो मध्यंतर या गाण्यांना शोभतो. जुलै-ऑगस्टमध्ये कव्हरला बुरशी धरली होती. कोरड्या मऊ कापडाने पुसलं, आतला कागदी खोळ बदलला, भिंतीपासून लांब आणि उभी ठेवायला लागलो, मग त्रास झाला नाही. तबकडी आडवी एकावर एक रचू नका, आपल्या दमट हवेत आणि उकाड्यात ती वाकते.

जुनी प्रत घेताना एक गोष्ट नक्की बघा. तबकडीच्या आतल्या भागात, मधल्या लेबलाजवळ, सुईला त्याच वेळात कमी लांबीची खाच मिळते आणि आवाज फाटण्याची शक्यता वाढते. 'फॉर क्राइंग आउट लाउड' नेमकं तिथे आहे, आणि वाद्यवृंद सगळ्यात मोठा होतो तोही तिथेच. आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने वाजवली असेल तर पहिलं नुकसान याच गाण्याचं झालेलं असतं. दुकानदाराला सांगून दुसरी बाजू उजेडात तिरकी धरा. आतला पट्टा राखाडी, निस्तेज दिसला तर कव्हर कितीही कोरं असलं तरी ती प्रत सोडा. माझ्या प्रतीचं कव्हर कोपऱ्यात फाटलेलं आहे, पण तो पट्टा काळाभोर, चकचकीत आहे, आणि वाद्यवृंद स्वच्छ वाजतो.